चांगले दिवस कोणते?

मी बसतो बेंगळुरूत, पण ज्या कारखान्यावर नजर ठेवतो तो कोकणातल्या एका एमआयडीसीत आहे. दर मिनिटाला तिथून तापमानं, दाब, प्रवाह, लेव्हल येत राहतात. एकेक आकडा मर्यादेबाहेर गेला तर ओरडायला कंट्रोल रूममध्ये अलार्म आहेतच. शूहार्टचा 1924 चा नियंत्रण-आलेखही असाच एका वेळी एक मोजमाप बघणारा. मला बघायचं असतं ते आकड्यांचं आपसात पटतंय का. डिस्टिलेशन कॉलमला तळातून तापवणाऱ्या रीबॉयलरची वाफ वाढवली आणि कॉलमच्या तळाचं तापमान ढिम्म हललं नाही, तर दोन्ही आकडे मर्यादेत असूनही काहीतरी बिनसलेलं असतं.

हे पटणं तपासायला मी पीसीए (प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस) वापरतो. ते ढीगभर मोजमापांतून मोजक्या दिशा काढतं. त्या दिशांत कारखाना मध्यापासून किती सरकला, हे होटेलिंगचा टी-स्क्वेअर सांगतो. महालनोबिसांच्या 1936 च्या अंतराचा तो भाऊबंदच. त्या दिशांत न मावणारं जे उरतं, ते एसपीई. या उरलेल्याची मर्यादा ठरवायचं सूत्र जॅक्सन आणि गोविंद मुधोळकर यांनी 1979 मध्ये ‘टेक्नोमेट्रिक्स’मध्ये दिलं. परदेशी नावांच्या गर्दीत मुधोळकर वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं. टी-स्क्वेअर चढला की मी आधी विचारतो, लोड वाढवलाय का? एसपीई चढला की खुर्ची पुढे ओढतो.

गणित आता चार ओळींच्या कोडमध्ये होतं. डोकं खातो तो वेगळाच प्रश्न: मॉडेलला ‘निरोगी’ म्हणून दाखवायचे दिवस कोणते? डिसेंबरच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल मे महिन्यात बोंबलतं, कारण कूलिंग टॉवरचं पाणी कोमट झालेलं असतं. कारखाना मात्र ठणठणीत. म्हणून सगळं वर्ष सरसकट घ्यावं, तर बिघाडही नेहमीचा म्हणून शिकला जातो. त्यापायी मी शिफ्टची लॉगबुकं वाचतो. ‘व्हॉल्व्ह अडकत होता, ठोकून मोकळा केला, ओके’ अशी नोंद दिसली की तो आठवडा बाद. त्या ‘ओके’वर माझा विश्वास नाही.

मर्यादा 99 टक्क्यांची ठेवली, तर दिवसाच्या 1440 मिनिटांत काहीही न बिघडता चौदाएक अलार्म वाजणारच. ‘साहेब, तुमचं मशीन सारखं लांडगा आला करतंय,’ हे मी ऐकलंय. आता ओळीने काही मिनिटं मर्यादा ओलांडली, तरच फोन करतो.

टेनेसी ईस्टमन हा या धंद्यातला सराव-कारखाना, डाउन्स आणि व्होगेल यांनी 1993 मध्ये मांडलेला. त्यातले 3, 9 आणि 15 क्रमांकाचे दोष जवळपास कुणालाच धड सापडत नाहीत. पंधरावा म्हणजे कंडेन्सरच्या थंड पाण्याचा चिकटणारा व्हॉल्व्ह. कंट्रोल लूप सगळं सांभाळून घेतात, आकड्यांत काही उमटतच नाही. कितीतरी शोधनिबंध हे तिन्ही गुपचूप वगळतात. आम्हाला ती चैन नाही.

मध्यंतरी एसपीई चढला. कोणत्या मोजमापामुळे चढला हे दाखवणाऱ्या कॉन्ट्रिब्युशन प्लॉटचं बोट कंडेन्सरच्या तापमानाकडे. फोन केला, तर शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, ‘तापमान बरोबर आहे हो. दाबाच्या ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन चोक झालीय, आकडा सकाळपासून तिथंच आहे. जेवणानंतर मोकळी करून घेतो.’ तो दिवस मी ‘निरोगी’ दिवसांच्या यादीतून काढला, आणि आदल्या रात्रीचं लॉगबुक मागवलं.