१ जून १९४४

कोकणातल्या ज्येष्ठांची माहिती फॉर्ममध्ये भरायला घेतली की एक जन्मतारीख पुन्हापुन्हा समोर येते: १ जून. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे होत. पुढे दाखल्यावर, पेन्शनच्या कागदांवर, आधारवर तीच कायम झाली. मी रत्नागिरीत बसून वेबसाइटसाठी डेटपिकर बनवतो. या एका तारखेने मला जेवढं छळलं, तेवढं कुठल्या ब्राउझरनेही छळलेलं नाही.

धंद्यातल्यांना ठाऊक असलेलं थोडक्यात सांगतो. निवडलेला दिवस स्थानिक मध्यरात्र धरून जावास्क्रिप्टच्या, ग्रिनिचची वेळ देणाऱ्या टूआयएसओस्ट्रिंगमधून काढला की आपल्याकडे तो एक दिवस मागे जातो, कारण आपली मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. याच वाटेने अमेरिकेत तारीख बरोबर निघते. म्हणून तिकडे घडलेले पिकर तिकडे बिनचूक चालतात आणि इथे घसरतात. यावर ‘साडेपाच तास मिळवा, झालं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

तेवढ्याने होत नाही. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, आणि ब्राउझरच्या टाइमझोनच्या तक्त्यात त्याची नोंद आहे. त्यामुळे १ जून १९४४ ची मध्यरात्र ग्रिनिचला ३१ मेच्या संध्याकाळी साडेपाचला पडते. सर्व्हरवर कुणी डोळे मिटून साडेपाच तास मिळवले की रात्रीचे अकरा होतात आणि तारीख उरते ३१ मे. १९४६ सालच्या धाकट्या बहिणीची जन्मतारीख बरोबर, थोरल्या भावाची मात्र चुकलेली. चाचणी घेणाऱ्या पोरांचे जन्म २००० च्या आसपासचे. ती स्वतःची तारीख टाकून पाहतात आणि सगळं ठीक म्हणतात. पुढे आजोबांच्या अर्जातली तारीख आधारशी जुळत नाही, आणि खेटे आजोबांना पडतात.

खोट मुळातच आहे. जन्मदिवसाला किती वाजले हे कुणी विचारलेलं नसतं. जावास्क्रिप्टमधला डेट मात्र १९९५ सालापासून क्षण साठवत आला आहे. दिवस मागितला तरी तो मिलिसेकंदच मोजतो. वर्षानुवर्षं आम्ही मोमेंटसारख्या लायब्रऱ्यांचे टेकू लावले. २०२० मध्ये मोमेंटच्या कर्त्यांनीच नव्या कामात ती वापरू नका म्हणून सांगितलं. आता जावास्क्रिप्टच्याच नव्या टेम्पोरलमध्ये निव्वळ दिवसासाठी प्लेनडेट आहे, आणि फायरफॉक्समध्ये ते मे २०२५ मध्ये आलं. फार उशीर झाला, पण आलं.

यंदा माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने माझा पिकर बघून विचारलं, “सर, जन्मतारखेला कॅलेंडर कशाला? आजोबांना कुठे वार बघायचाय? तीन चौकोन द्या ना, दिवस, महिना, वर्ष.” ब्रिटिश सरकारचे फॉर्म असेच असतात, हे मला माहीत होतं. तरी ते मला लागलं.

कारण माझी सगळी मिजास त्या कॅलेंडरच्या जाळीवर आहे. मालवणच्या जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय १९७३ पासून घराघरांत आहे. त्यात वार डावीकडे असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. इथल्या नजरेला तीच सवय. मी जाळी तशीच उभी मांडली, बाणाच्या कळा त्याच क्रमाने फिरवल्या, स्क्रीन रीडरलाही तोच क्रम दिला. गिऱ्हाईक ‘अगदी कालनिर्णय!’ म्हणालं की मला आजही धन्य वाटतं, आणि खरं सांगायचं तर वापरणाऱ्याच्या सोयीपेक्षा त्या दोन शब्दांसाठीच मी जास्त खपलो.

मुलीने तीन चौकोन बसवले आणि मराठी कीबोर्डवरून ‘१’ टाकला. फॉर्मने तो नाकारला. जावास्क्रिप्टचा पार्सइंट देवनागरी अंक ओळखत नाही. भाषा मराठी ठेवली तर तारीख दाखवताना हाच ब्राउझर देवनागरी अंक काढून देतो. दाखवायला आमचे अंक चालतात, घ्यायला चालत नाहीत. मला हे अपमानास्पद वाटतं. अंक बदलून घेणारं फंक्शन तिने जेवायच्या सुट्टीच्या आत लिहिलं.

ब्राउझरचा स्वतःचा पिकर वापरा, असं आता सगळे सांगतात. क्रोमने तो २०१२ मध्ये आणला, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, मॅकच्या सफारीने थेट २०२१ मध्ये. सर्व्हरकडे जाणारं मूल्य सगळीकडे सारखं, वर्ष-महिना-दिवस, हे उत्तमच. पण ब्राउझर अमेरिकन इंग्रजीत असला की १ जून पडद्यावर ०६/०१ दिसतो, आणि आपला माणूस तो ६ जानेवारी वाचतो. ते बदलणं माझ्या हातात नाही. म्हणून चतुर्थीला गावी यायची तारीख किंवा आंब्याच्या पेट्या कधी हव्यात हे विचारताना, जिथे वार बघावाच लागतो, मी माझी उभी जाळीच देतो. जन्मतारखेला मात्र तीन चौकोन, आणि आत साधी अक्षरं. डेट कुठेच नाही.

फॉर्म बनवणाऱ्यांनी एवढं करावं: स्वतःची जन्मतारीख टाकून थांबू नका. १ जून १९४४ टाका, आणि सर्व्हरवर काय पोचलं ते उघडून बघा.