गोऱ्हे सापडत नव्हते

भोसरीतल्या एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर मी गेल्या वर्षी पुन्हा चालू करून दिलं. एमआयडीसीतल्या कामगारांच्या ठेवींवर उभी राहिलेली संस्था. नवे व्यवहार त्या सॉफ्टवेअरमध्ये होत नाहीत, पण नव्वदच्या दशकातले ठेवीदार अजून तिथेच आहेत. कुणी पिवळी पडलेली पावती घेऊन आलं की नाव तिथेच शोधायचं.

सर्व्हर युनिक्सचा. त्याला पूर्वी जिस्ट टर्मिनल जोडलेले होते. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, अक्कल सगळी सर्व्हरकडे. जिस्टचं तंत्र आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुढे पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. आपल्या शेजारीच की! ते टर्मिनल एकेक करून बंद पडले. मग त्यांची नक्कल करणारा प्रोग्राम लॅपटॉपवर टाकायचं काम माझ्याकडे आलं.

पडदा दिसायला लागला, पण मराठी उमटेना. जुन्या इस्की तक्त्यात प्रत्येक अक्षराला एक बाइट, ‘क’ म्हणजे १७९. डॉसच्या अक्षरसंचात १७९ म्हणजे उभी रेघ. त्यामुळे सभासदांच्या नावांच्या जागी चक्क कुंपणं दिसत होती. टाइप करताना उलटी अडचण. आजचा लॅपटॉप युनिकोड पाठवतो, त्यात ‘क’ तीन बाइटचा. ‘गोऱ्हे’ हे आडनाव इस्कीत सहा बाइट, युनिकोडच्या यूटीएफ-८मध्ये अठरा. आणि सॉफ्टवेअरमध्ये नावाला जागा वीस बाइटची!

म्हणून मध्ये एक छोटा दुभाष्या प्रोग्राम बसवला. जाताना युनिकोडचं इस्की, येताना इस्कीचं युनिकोड. हे वाटतं तितकं अवघड नाही, कारण युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली आहे. (जोडाक्षरांमुळे पडद्यावरच्या चौकटी अजूनही सरकतात. ते मी सोडून दिलं.)

खरा प्रश्न बोटांचा होता. काउंटरवर दोघं बसतात. काकू तीस वर्षं इनस्क्रिप्टवर टाइप करतात. ही सरकारने १९८६ साली ठरवलेली मांडणी, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. काकू कीबोर्डकडे बघतही नाहीत. दुसरा मुलगा पंचविशीतला. तो तुमच्या-माझ्यासारखा, इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी उमटवणारा. व्यवस्थापकांचं म्हणणं, एकच मांडणी ठेवा, नवीन.

मग एक बाई आईची पावती घेऊन आल्या. आडनाव गोऱ्हे. मुलाने टाइप केलं, पडद्यावर अगदी बरोबर दिसलं. उत्तर आलं, नोंद नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. बाईंचा चेहरा उतरला. आई गेलेली, आणि संस्था म्हणते खातंच नाही.

काकू म्हणाल्या, “सरक जरा.” आय, ए, शिफ्ट धरून जे, डी, यू, एस. खातं समोर, वारसदार म्हणून बाईंचंच नाव.

दिसायला दोन्ही ‘गोऱ्हे’ सारखेच. पण तो आडवा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. काकूंच्या शिफ्ट-जेवर नुक्त्याचा ‘ऱ’ आहे, इस्कीत २०८. त्याला हलन्त दिला की झालं. मुलाचा कीबोर्ड साधा ‘र’ घेतो, हलन्त देतो आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. जुन्या नोंदी सगळ्या काकूंच्या पद्धतीच्या, आणि सॉफ्टवेअर एकेक बाइट ताडून बघतं. म्हणजे भोसरीतले वऱ्हाडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे, सगळेच त्या मुलाच्या बोटांखाली गायब होणार होते. इंग्रजी किंवा हिंदी चालवणाऱ्याला हा प्रश्न कधी पडणारच नाही, हा र आपला मराठी.

त्या संध्याकाळी दुभाष्यात एक नियम वाढवला, तिन्ही चिन्हं एकत्र आली की २०८ आणि हलन्त पाठव. मग अशी आडनावं काकूंना विचारून कागदावर उतरवली आणि प्रत्येक नाव दोघांकडून टाइप करून घेतलं. तासभर लागला. मुलगा वैतागला, काकू नाही.

व्यवस्थापकांना ते सगळं दाखवलं. मांडण्या दोन्ही राहिल्या. एफ-बारा दाबलं की बदलतात, आणि त्या बटणावर काकूंनी लाल टिकली चिकटवली आहे.