झोपेचा हिशेब

झोपलेला माणूस स्वतःच्या झोपेबद्दल साक्ष देऊ शकत नाही. सूरह कहफमधली गुहेत झोपलेल्या तरुणांची गोष्ट आपल्या घरांतून दर जुम्म्याला वाचली जाते. जाग आल्यावर आपण किती वेळ झोपलो, याचा ते अंदाज बांधतात. फार तर एखादा दिवस, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तीनशेहून जास्त वर्षं उलटलेली असतात. लहानपणी या गोष्टीत मला फक्त चमत्कार दिसायचा. आता त्यातली साधी माणसंही दिसतात. आपणही सात-आठ तास अंथरुणावर पडून उठतो आणि झोप झाली म्हणतो. ती झाली की नाही, हे सांगायला दुसरं कुणीतरी जागं असावं लागतं.

माझ्या बाबतीत ते जागं माणूस म्हणजे माझी बायको. "दम अटकरा तुमारा, करवट लो जी," असं म्हणत ती रात्री मला हलवायची. तिच्या सांगण्यानुसार घोरणं वाढत जायचं आणि अचानक थांबायचं. त्या शांततेत ती मनात आकडे मोजायची. पंधरा, वीस, कधी तीस. मग बुडता माणूस पाण्याबाहेर यावा तसा मोठा श्वास आणि पुन्हा घोरणं सुरू. मला यातलं काहीच आठवायचं नाही. माझ्या वाट्याला यायचं ते सकाळचं जड डोकं, रात्री तीनदा लघवीला उठणं आणि जुम्म्याचा खुतबा सुरू झाला की मिटणारे डोळे. हे सगळं वयाचं आणि कामाच्या ताणाचं म्हणून खपून जाण्यासारखं होतं.

तिनं एका रात्री फोनवर 4 मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. डॉक्टरांनी ते पूर्ण ऐकलं, माझ्या गळ्याचा घेर मोजला, रक्तदाब पाहिला आणि झोपेची तपासणी लिहून दिली. तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून एक रात्र झोपायचं. अहवालात दोन आकडे ठळक होते. तासाला 38 आणि ऑक्सिजन सर्वांत कमी 74 टक्के.

पहिला आकडा एएचआयचा. झोपेत श्वास किमान 10 सेकंद जवळजवळ थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. श्वास चालू असला तरी हवा बरीच कमी झाली आणि त्यामुळे ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर तो हायपोप्निया. तासाला असे किती प्रसंग झाले, त्याची सरासरी म्हणजे एएचआय. 5 च्या आत असेल तर ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. माझा 38. म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, छाती हवा ओढायला धडपडते पण हवा येत नाही. ऑक्सिजन घसरला की मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो. हे जागेपण इतकं छोटं असतं की सकाळी त्याची आठवण राहत नाही. पण हृदय आणि रक्तवाहिन्यांना प्रत्येक धक्का सोसावा लागतो. म्हणून या आजाराबरोबर रक्तदाब येतो, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. 2022 च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा मृत्यूचं कारण म्हणून रुग्णालयानं याच आजाराचं नाव सांगितलं होतं. तोवर आपल्याकडं अनेकांनी ते नाव ऐकलंही नव्हतं.

अहवाल हातात घेतल्यावर मला अब्बा आठवले. ते असेच घोरायचे, असेच मध्ये थांबायचे. अम्मी अंधारात त्यांच्या छातीवर हात ठेवून बघायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते झोपेतच गेले. जनाजाला आलेला प्रत्येक माणूस म्हणत होता, नशीबवान, किती शांत मौत आली. कुणाच्या बोलण्यात खोट नव्हती. पण घोरणं म्हणजे गाढ झोप, ही आपल्या घराघरांतली समजूत किती पक्की आहे, हे मला त्या दिवशी अहवाल वाचताना कळलं. अम्मी रोज रात्री जे पाहत होती, ते तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

उपाय म्हणून डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं. हे यंत्र ऑक्सिजन देत नाही, ते व्हेंटिलेटरही नाही. खोलीतलीच हवा गाळून ते थोड्या दाबानं नाकात सोडतं आणि त्या दाबानं घशाची वाट आतून उघडी राहते. मोडलेल्या हाताला बाहेरून फळी बांधतात, तशी ही आतून लावलेली हवेची फळी. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. बहुतेक यंत्रं 4 ते 20 पर्यंत जातात. माझा साधारण 11 वर स्थिरावला. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का आहे. एवढ्यावर एका माणसाची रात्र तरून जाते. ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिवन यांची. 1980 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर ती वापरली आणि 1981 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 5 रुग्णांचा अनुभव मांडला. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय होता तो गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याचा. मास्क जड वाटला की मी ही गोष्ट आठवतो.

आणि मास्क जड वाटतोच. पहिल्या आठवड्यात बहुतेकांची चिडचिड इथंच होते. त्यावर मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे दिवसा सराव. संध्याकाळी पेपर वाचताना मास्क लावून अर्धा तास बसायचं, म्हणजे मेंदूला त्याची सवय होते. यंत्रात 'रॅम्प' नावाची सोय असते. दाब आधी कमी राहतो आणि हळूहळू चढतो. श्वास सोडताना दाब किंचित उतरावा, अशीही सोय असते. नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर. त्यात डिस्टिल्ड पाणी घालावं. आमच्या सोलापुरातलं बोअरचं पाणी चार दिवसांत पांढरा थर धरतं. मास्कची गादी रोज सौम्य साबणानं धुवायची, नाहीतर चेहऱ्याचं तेल लागून ती सटकते. पोटात हवा भरल्यासारखं वाटलं तर आपल्या मनानं दाब बदलू नये, डॉक्टरांना सांगावं. वीज गेली की यंत्र बंद पडतं, म्हणून ते इन्व्हर्टरवर घेतलेलं बरं. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते.

दाढीचा प्रश्न आमच्याकडं हमखास निघतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही, बाजूनं हवा सुटते. मी दाढीला हात न लावता मास्क बदलला. नाकपुड्यांखाली बसणाऱ्या छोट्या उशा असलेला मास्क मिळतो. त्याचा दाढीशी संबंधच येत नाही. मात्र तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला तो चालेलच असं नाही. मास्क आणण्याआधी दुकानात यंत्र चालू करून, आडवं पडून तो घालून पाहावा.

आता आकड्यांकडं येतो. झोपलेल्या माणसाच्या कृतीचा हिशेब लिहिला जात नाही, असं हदीसमध्ये आलं आहे. फरिश्ते सवलत देतात, यंत्र देत नाही. ते रात्रभर लिहीत असतं. सकाळी पडद्यावर किंवा फोनवर वापराचे तास, एएचआय आणि हवेची गळती दिसते. आतल्या एसडी कार्डात याहून पुष्कळ तपशील असतो आणि 'ऑस्कर' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरनं तो संगणकावर श्वासागणिक पाहता येतो. पहिल्या महिन्यात माझा एएचआय 38 वरून 3 च्या आसपास आला. आनंद झालाच. पण या साक्षीदाराला किती दिसतं आणि काय दिसत नाही, तेही समजून घ्यावं लागतं.

पहिली गोष्ट, तुम्ही झोपलात की जागे आहात, हे यंत्राला ठाऊक नसतं. ते भागाकार करतं तो मास्क लावलेल्या तासांनी. दोन तास जागं पडून राहिलात तरी ते तास हिशेबात येतात आणि आकडा उगाच चांगला दिसतो. दुसरी, प्रसंगांचे प्रकार. वाट बंद झाल्यामुळं थांबलेला श्वास वेगळा आणि वाट उघडी असूनही मेंदूकडून हुकूमच न आल्यानं थांबलेला वेगळा. काही यंत्रं हवेची हलकी कंपनं पाठवून वाट उघडी आहे का, ते तपासतात. या दुसऱ्या प्रकारातले काही प्रसंग सुरुवातीला दिसतात आणि बऱ्याच जणांत काही आठवड्यांत ओसरतात. कूस बदलताना रोखलेला श्वासही त्यात मोजला जातो. पण ते ओसरत नसतील तर दाब वाढवून उपयोग होत नाही. कार्ड घेऊन डॉक्टरांकडं जावं. तिसरी, गळती. माझ्या यंत्रात मिनिटाला 24 लिटरवर लाल रेघ आहे. गळती त्यावर राहिली तर त्या रात्रीच्या एएचआयवर फार विश्वास ठेवू नये, कारण यंत्राला श्वासच नीट ऐकू येत नाही. आणि एका रात्रीच्या आकड्यावरून आनंद किंवा दुःख करू नये. आठवडा, पंधरवडा पाहावा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आकड्यात नसतेच. मास्क काढल्यानंतरची झोप यंत्र लिहीत नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. त्या वेळी स्नायू सर्वांत सैल असतात आणि अनेकांचा आजार तेव्हाच सर्वांत जोरात असतो. आपल्या घरांत याच वेळी फजरची अजान होते. माणूस उठतो, मास्क काढतो, वुजू करतो, नमाज पढतो आणि तासभर पुन्हा आडवा होतो. मास्क मात्र उशाशीच राहतो. पडद्यावर दिसतं: वापर 5 तास, एएचआय 2. छान. पुढच्या दीड तासात काय झालं, ते फक्त शेजारी झोपलेल्या माणसाला माहीत. म्हणून आमच्या घरात नियम आहे, फजरनंतर पाठ टेकली तरी मास्क लागला पाहिजे. तो पाळला जातो की नाही, यावर बायकोची देखरेख असते.

रमजानात तर रात्रीचे दोन तुकडे होतात. तरावीहनंतर एक, सहरीनंतर दुसरा. माझं यंत्र दिवस धरतं दुपारी 12 ते दुसऱ्या दुपारी 12. त्यामुळं दोन्ही तुकडे एकाच रात्रीच्या नावावर जमा होतात. दुपारची डुलकी मात्र येणाऱ्या रात्रीच्या खात्यात जाते. हे माहीत नसेल तर आलेख पाहून गोंधळ उडतो. सहरीनंतरच्या झोपेत रोजा सुरू झालेला असतो, म्हणून त्या वेळी मी ह्युमिडिफायर बंद ठेवतो. बाष्पाबद्दल मनात शंका राहत नाही. ही माझ्यापुरती सोय आहे, फतवा नव्हे.

या यंत्राला सर्वांत मोठा अडथळा दाबाचा किंवा मास्कचा नाही, लाजेचा आहे. लग्नाला गेल्यावर दहा माणसांच्या खोलीत नळी लावून कसं झोपायचं? सासुरवाडीला काय म्हणतील? पैशाचाही प्रश्न आहेच. माझं यंत्र मास्कसह 45,000 रुपयांच्या आसपास पडलं, आणि घरी वापरायचं हे यंत्र अनेक आरोग्य विम्यांत बसत नाही. तरीही खरेदीआधी काही आठवडे भाड्यानं मिळतं, तेवढं तरी करून पाहावं. मी पहिल्यांदा चुलत भावाच्या वलीम्याला यंत्र नेलं, तेव्हा पोरं भोवती जमली. एकानं विचारलं, "चच्चा, ये विमान चलानेवाला मास्क है क्या?" मी हो म्हटलं. त्या रात्री खोलीतली बाकीची चार माणसं घोरत होती.

सकाळी त्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ही तपासणी कुठं होते, दुखतं का, खर्च किती. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचा पत्ता दिला. जाताना म्हणालो, एकटे जाऊ नका, भाभींना बरोबर घ्या. डॉक्टर विचारतील ते तुम्हाला सांगता येणार नाही, त्यांना येईल.