लाल शाई आणि काळा कोकीळ





या पानावर मी नेहमी अभ्यास, शिस्त आणि निकाल यांविषयी लिहिते. या वेळी माझी स्वतःची एक चूक लिहिणार आहे.

अशोका गार्डनमध्ये सकाळी फिरणाऱ्या आम्हा पाच जणांची एक टोळी आहे. भेलमधून निवृत्त झालेले एक काका, एक औषध दुकानदार, उर्दूचे निवृत्त मास्तरसाहेब, शेजारच्या काकू आणि मी. रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून आम्ही कधी वस्तीतल्याच झाडांखाली, तर कधी मोठ्या तलावाच्या काठी पक्षी बघायला जातो. आपले मोठे आणि छोटे तलाव मिळून झालेली भोज पाणथळ जागा २००२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

पक्षी बघून झाले की प्रश्नमंजूषा सुरू होते. हरणाऱ्याने सर्वांना पोहे-जलेबी खाऊ घालायची, हा नियम.

एकदा काकांनी विचारले, "जगातला सर्वांत उंच उडणारा पक्षी कोणता?" मी म्हटले, "सारस! चांगला सहा फुटांपर्यंत उंच असतो." काका म्हणाले, "चूक. रुपेलचे गिधाड. १९७३ मध्ये आफ्रिकेत सुमारे ३७,००० फुटांवर ते विमानाला धडकले होते." मग अर्धा तास वाद. शेवटी ठरले की उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच सारस, आणि सर्वांत उंचावर उडालेले गिधाड. प्रश्नच नीट विचारला नव्हता, म्हणून जलेबी काकांकडून!

नावांची गंमत तर संपतच नाही. पावशा ओरडला की आपल्या शेतकऱ्याला ऐकू येते "पेरते व्हा". मास्तरसाहेबांना तोच पक्षी म्हणतो "पी कहाँ", आणि इंग्रजांना वाटले, तो "ब्रेन फीव्हर" म्हणून ओरडतो आहे. पक्षी एक, आवाज एक, पण कान तीन. आपले सातभाई इंग्रजीत गेले की सात बहिणी होतात. त्यांच्यात नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे भांडणाचा निकाल लागत नाही.

गेल्या मार्चमध्ये आंब्यावरून कुहू-कुहू ऐकू आले. काकूंनी विचारले, "हे कोण गातंय, नर की मादी?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटले, "मादी. कोकिळा गाते!"

सगळे हसले. मास्तरसाहेब म्हणाले, "मॅडम, जलेबी गरम मँगवाइएगा." काकूंनी दुर्बीण माझ्या हातात दिली. फांदीवर काळाभोर, लाल डोळ्यांचा कोकीळ बसला होता. तो नर. कोकिळा तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेली. ती किक्-किक् असा आवाज काढते. कुहू-कुहू हे गाणे नराचे. मी म्हटले, "मग लतादीदींना गानकोकिळा का म्हणतात?" काका म्हणाले, "ती पदवी माणसांनी दिली, पक्ष्यांना विचारून नाही."

मीही हसले. पण घरी आल्यावर मला एक वही आठवली.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. "कोयल गाती है" हे डोक्यात पक्के. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी मराठीचा वर्ग घेत असे. एका मुलीने वसंत ऋतूच्या निबंधात लिहिले होते, "कोकीळ गातो." मी लाल शाईने ते खोडून "कोकिळा गाते" असे केले आणि अर्धा गुण कापला. वर्गात सर्वांसमोर वाचूनही दाखवले.

ती मुलगी आज आपल्याच शाळेतल्या एका मुलाची आई आहे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी तिला फाटकापाशी थांबवले आणि माफी मागितली. ती आधी लाजली. म्हणाली, "मॅडम, आजीने मला खिडकीतून दाखवला होता. काळा होता, चोच उघडून गात होता. पण तुम्ही खोडलंत, म्हणून वाटलं, माझंच चुकलं असेल. मग मी निबंध गाइडमधूनच लिहायला लागले."

अर्धा गुण आता परत देता येईल, पण ते शेवटचे वाक्य मला अजून टोचते. तिने डोळ्यांनी बघून लिहिले होते. मी न बघता खोडले.

आमच्या टोळीत मी प्राचार्या नसते. तिथे चुकले की लोक हसतात, दुर्बीण हातात देतात आणि जलेबी मागतात. चूक दुरुस्त करण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. वर्गातही ती यावी, असा माझा प्रयत्न राहील.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परिसरातले पक्षी मोजले जातात. भारतातले लोक २०१३ पासून त्यात भाग घेतात. यंदा आपली मुलेही शाळेच्या आवारातले पक्षी मोजतील. जे दिसेल तेच लिहायचे. पालकांनी घरच्या आजी-आजोबांकडून पक्ष्यांची नावे विचारून मुलांना सांगावीत, ही विनंती.

जाता जाता एक प्रश्न: भारद्वाजाला हिंदीत काय म्हणतात? उत्तर चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे आणून द्या. माझे काही चुकले असेल तर तेही लिहा. जलेबी माझ्याकडून.

आपली,
प्राचार्या