तुरा कापताना

लाल साल्व्हिया मूळचा ब्राझीलचा. तिथे त्याच्या लांब, नळीसारख्या फुलांतला मध हमिंगबर्ड पितात. पुण्यात, माझ्या बाल्कनीत, शिंजीर येतो. पावसाळा सरताना बी पेरलं की थंडीत तुरे येतात. सकाळचं ऊन, पाणी न साचणारी माती, वरचा थर सुकला की पाणी, एवढ्यावर तो खूश. दांडा चौकोनी, तुळशीसारखा. दोन्ही एकाच कुळातली.

खरं काम कात्रीचं. फूल गळलं तरी त्याच्या बुडाचा लाल पेला टिकतो, त्यामुळे तुरा ताजाच वाटतो. आत मात्र बी धरत असतं. तेव्हाच तो पानांच्या जोडीच्या वर कापायचा. तिथून नवे फुटवे येतात. बी पिकू दिलं, की फुलं कमी होतात.

दर दोन आठवड्यांनी नवा स्प्रिंट सुरू होणाऱ्या माझ्या नोकरीत हे फार ओळखीचं वाटतं. फुलत राहा, पिकू नका. यंदा चारपैकी एका कुंडीला मी कात्री लावलेली नाही. आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच आठवडाभर रजा टाकली आहे. तिच्या एकेका पेल्यात तीन-चार काळपट बिया आहेत. आईने गावी पेरायला चिमूटभर मागितल्यात. नेऊन देणार आहे.