माडीवरची खोली

आमच्या फलटणला पाहुण्यांचे अप्रूप नाही. दर वर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तरडगावाहून येते, विमानतळाच्या मैदानावर राहुट्या पडतात आणि एका रात्रीपुरते गाव फुगून दुप्पट-तिप्पट होते. ज्याच्या ओसरीवर जागा असेल त्याच्या ओसरीवर वारकरी पथारी टाकतो. कोणी पिठले-भाकरी वाढतो, कोणी पायांना चोळायला तेल देतो. सकाळी दिंडी बरडच्या वाटेला लागली की ओसरी पुन्हा रिकामी. महानुभावांचे श्रीचक्रपाणी इथलेच, तेव्हा त्या पंथाच्या यात्रेकरूंचीही ये-जा असते. अमेरिकेहून अभ्यासासाठी आलेल्या मॅक्सीन बर्नसन तर इथे रमल्या आणि त्यांनी इथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. अशा गावात एक पाहुणा महिनाभर ठेवून घ्यायचा म्हटल्यावर माझ्या घरात एवढे रामायण होईल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

गोष्ट २०२२ सालच्या डिसेंबरातली. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुंबईहून फोन आला. "सर, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. चित्रं काढते. तिला महिनाभर गावाकडं राहायचंय. एखादी खोली मिळेल का?"

आमच्या जुन्या घराला माडीवर एक खोली आहे. खिडकी उत्तरेला, म्हणजे उजेड दिवसभर सारखा. ड्रॉइंग मास्तराला अशा खोलीची किंमत कळते. ती खोली माझ्या थोरल्या भावाची, दादाची. २०११ साली तो गेला, तेव्हापासून ती बंद होती. मी लगेच हो म्हणून टाकले आणि मग वहिनींना सांगायला गेलो. शहाणा माणूस हा क्रम उलटा ठेवतो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "भाडं किती देणार?"

"भाडं नाही, वहिनी. ती चित्रकार आहे. काम करायला येतेय."

"जेवण?"

"ते आपण द्यायचं."

"म्हणजे खोली आपली, भाकरी आपली, आणि काम तिचं!" वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना कोणी दिला होता असा महिना?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. असे म्हणणेही खरे नाही. उत्तर होते, पण ते मला देता येण्यासारखे नव्हते.

दादा साखर कारखान्यात काट्यावर कारकून होता. गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्यांची रांग काट्यापासून पार रस्त्यापर्यंत जाई. गाडीचे वजन घ्यायचे, पावती फाडायची, पुढची गाडी घ्यायची. मधल्या दोन-चार मिनिटांत दादा रद्द झालेल्या पावत्यांच्या पाठीवर बैल काढी. उभे बैल, बसलेले बैल, जू उतरल्यावर मान खाली घालून रवंथ करणारे बैल. मी पुढे चाळीस वर्षे चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना शेकडो मुले बसवली. पण दादाच्या बैलाच्या वशिंडाची एक रेघ मला कधी जमली नाही. ही विनयाची भाषा नव्हे, मास्तराने दिलेले गुण आहेत.

त्याच्या मनात एकच होते. औंधला जाऊन महिनाभर राहायचे.

औंध आमच्याच सातारा जिल्ह्यातले. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणाची चित्रे काढली. चित्रकारांना बरोबर घेऊन ते अजिंठ्याला गेले, तिथल्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उघडले. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या मायलेकराच्या शिल्पापर्यंतचा संग्रह एका खेडेगावच्या डोंगरावर पाहायला मिळतो, ही आपल्याकडची नवलाईच म्हणायची.

या राजाच्या आश्रयाचे आणखी एक उदाहरण दादा नेहमी सांगायचा. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये तयार झालेले चित्रकार. लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. १९१८ साली ते औंधला आले आणि तिथे त्यांनी वेदांचे काम हाती घेतले. स्वाध्याय मंडळ काढले, ग्रंथांमागून ग्रंथ छापले. तीस वर्षे त्यांचा मुक्काम औंधला होता. "बघ," दादा म्हणायचा, "माणूस कुंचला घेऊन वाढला आणि वेद घेऊन बसला. राजा काही म्हणाला नाही, चित्रं कुठायत म्हणून!" सातवळेकरांचा मुलगा माधव औंधच्याच वातावरणात वाढला, नामवंत चित्रकार झाला आणि पुढे महाराष्ट्राचा कला संचालकही झाला. जिथे माणसाला निवांत राहू देतात तिथे काय उगवेल हे आधी सांगता येत नाही, एवढाच दादाच्या बोलण्याचा अर्थ.

१९७५ सालच्या उन्हाळ्यात हंगाम संपला होता. औंधला एका ओळखीच्या घरी खोलीची सोय झाली होती. दादाने थोडे पैसे बाजूला टाकले होते. रोज डोंगर चढायचा, संग्रहालयात बसून नकला करायच्या, संध्याकाळी उतरायचे, असा त्याचा बेत होता. वहिनींच्या कडेवर एक मूल आणि पोटात दुसरे. त्यांनी विचारले, "तिथं जाऊन काय मिळणार?" दादाला याचे उत्तर देता आले नाही. त्याच महिन्यात ड्रॉइंग मास्तरच्या कोर्सला माझा नंबर लागला. फी भरायची होती, पुण्यात राहायचे होते. दादाने बाजूला टाकलेले पैसे माझ्या हातावर ठेवले.

औंध राहिले ते राहिलेच. वहिनी समजत आल्या की आपण अडवले म्हणून ते गेले नाहीत. मला ठाऊक होते की ते माझ्यामुळे गेले नाहीत. सत्तेचाळीस वर्षे आम्ही दोघांनी हा विषय काढला नाही.

तर अशा त्या खोलीत ती मुलगी राहायला आली. चुना नव्याने मारला होता. टेबल म्हणून शाळेतले जुने बाक जोडून दिले होते. वहिनींनी पहिल्या दिवशी तिला चार प्रश्न विचारले: नाव, गाव, लग्न आणि तिखट चालते का. पहिल्या तीन उत्तरांनी त्यांचे समाधान झाले नाही, चौथ्याने झाले.

रात्री जेवताना तिने आम्हांला अमेरिकेतल्या गोष्टी सांगितल्या. न्यू हॅम्पशायर राज्यात पीटरबरो म्हणून गाव आहे. तिथे एडवर्ड मॅकडॉवेल नावाच्या संगीतकाराच्या बायकोने, मेरियनने, आपल्या शेतावर १९०७ साली कलावंतांसाठी जागा करून दिली. रानात सुट्या सुट्या खोल्या. दुपारचे जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवतात आणि आवाज न करता निघून जातात. थॉर्नटन वाइल्डरने आपल्या 'अवर टाऊन' नाटकाचा काही भाग तिथे लिहिला. दुसरी जागा याडो. तिथल्या जोडप्याची चारही मुले दगावली. एवढ्या मोठ्या घराचे करायचे काय, म्हणून त्यांनी ते आपल्या पश्चात कलावंतांसाठी राखून ठेवले. १९२६ सालापासून तिथे लेखक, चित्रकार, गवई राहायला येतात.

वहिनी भाकरी थापता थापता ऐकत होत्या. "चारही?" एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मुलीचा डबा माडीच्या पायरीवर ठेवलेला असे. भांड्याचा आवाज म्हणून झाला नाही.

आवाज झाला तो माझ्या मनात. आठ दिवस गेले, पंधरा गेले, मुलीने कागदाला रंग लावला नाही. सकाळी बाणगंगेकडे फिरायला जाई. श्रीराम मंदिरात खांबाला टेकून बसे. दुपारी खिडकीतून रस्त्याकडे पाहत राही. मी सबंध आयुष्य तासाच्या घंटेवर काढलेला माणूस. चाळीस मिनिटांत घट, चाळीस मिनिटांत स्मरणचित्र! मला ते बघवेना. त्यात माझा पुतण्या पुण्याहून आला. ते घर पाडून खाली गाळे काढावेत असा त्याचा विचार. त्याचेही चूक नव्हते. भिंतींना भेगा आहेत, डागडुजीला पैसा लागतो. तो म्हणाला, "काका, वीस दिवसांत तिनं काय केलं ते तरी दाखवा."

मी तावातावाने माडीकडे निघालो. वहिनी जिन्याच्या तोंडाशी डबा ठेवत होत्या. त्या आडव्या झाल्या.

"कुठं निघालात?"

"विचारतो तिला, काम कुठवर आलं."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ओसरीवर वारकरी उतरतो. त्याला आपण कधी विचारलंय, मागल्या वारीला विठोबा भेटला का म्हणून?"

मी पायरीवरच बसलो. पुतण्याही काही बोलला नाही.

त्या दुपारी वहिनींनी आणखी एक गोष्ट केली. दादाची पत्र्याची ट्रंक त्यांनी अकरा वर्षे मलाही उघडू दिली नव्हती. ती त्यांनी स्वतः माडीवर नेऊन मुलीपुढे ठेवली. मुलीने दोन दिवस त्या पावत्या एकेक करून जमिनीवर मांडल्या. पावतीवर तारीख असतेच, तेव्हा हंगामवार ओळी लागल्या. मी आयुष्यात प्रथमच तो सारा पसारा एकत्र पाहिला. आधीच्या हंगामांत बैलच बैल होते. पुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढल्या तशी चित्रे विरळ होत गेली. दादाने ट्रॅक्टर एकदाच काढलेला दिसला, तोही अर्धवट.

"हे बैल उभे नाहीत, सर," मुलगी म्हणाली. "हे थांबलेत. नंबर यायची वाट बघतायत."

१९७५ च्या ओळीत एक पावती निराळी होती. तिच्या पाठीवर बैल नव्हता. दादाच्या बारीक अक्षरात एस.टी.च्या वेळा लिहिल्या होत्या: फलटण, दहिवडी, वडूज, औंध. वहिनींनी ती हातात घेतली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि परत जागेवर ठेवली.

आता बोलायलाच हवे होते. मी फीची हकीकत सांगितली. म्हणालो, "वहिनी, दादा तुमच्यामुळं थांबला नाही. ते पैसे मी नेले."

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. पैसे मीच ट्रंकेतून काढून दिले होते. तुमची फी चुकू नये असं मलाही वाटत होतं. पण मी त्यांना विचारलेला प्रश्न, तो काही फीचा नव्हता."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे औंधला गेलो. मोगराळे घाट चढताना वहिनींनी खिडकीशी जागा घेतली. दादाने लिहिलेल्या वेळा अर्थातच बदलल्या होत्या, रस्ता तोच होता. संग्रहालयात वहिनी एकेका चित्रापुढे थांबत गेल्या. मूरच्या मायलेकरापुढे जरा जास्त वेळ थांबल्या. बाहेर येऊन पायरीवर बसल्या, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, "एका दिवसात होण्यासारखं नाही हे. महिना लागलाच असता."

मुलगी गेली तेव्हा तिच्याजवळ तीन चित्रे होती. ती कशी होती हे मी सांगत नाही. मास्तराची सवय मोडायला मी शिकतो आहे. पुतण्याला वहिनींनी सांगितले, "खाली काय करायचं ते कर, माडीला हात लावू नकोस." त्याने हिशेब मांडून पाहिला. पुढच्या बाजूला एकच गाळा निघाला, त्याच्या भाड्यातून भिंतींची डागडुजी भागते. तेव्हापासून दर हिवाळ्यात एक महिना खोली कोणाला तरी देतो. अर्ज नाही, नियमांचा कागद नाही. उत्तरेचा उजेड, दोन वेळचे जेवण आणि कोणी काही विचारायचे नाही, एवढीच आमची संस्था. एका खोलीला संस्था म्हणणे मोठेपणाचे आहे खरे, पण पायरीवरचा डबा वेळेवर असतो.

औंधला दर वर्षी अश्विन वद्य पंचमीला शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ गाणे असते. अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली सुरू केलेला तो उत्सव आजही होतो. तिथून आठ-दहा दिवसांत दिवाळी. यंदा दिवाळी झाली की नवा पाहुणा यायचा आहे. कादंबरी लिहितो म्हणे. मी त्याच्याविषयी आणखी सांगू लागलो, तर वहिनींनी मला मध्येच थांबवले.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिखट खातो का, तेवढं विचारून ठेवा."