शेवटचा शब्द कोणत्या फाइलचा

‘द एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला ‘मॉरोविंड’ २००२मध्ये आला, तेव्हा त्याच्या पीसी आवृत्तीबरोबर तो घडवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने ‘कन्स्ट्रक्शन सेट’ हे साधनही खेळाडूंच्या हाती दिले. गावे, माणसे, तलवारी, संवाद यांची जुळणी करण्याचे हे साधन. ११ नोव्हेंबर २०११ रोजी त्याच मालिकेतला ‘स्कायरिम’ आला आणि फेब्रुवारी २०१२मध्ये त्याचे ‘क्रिएशन किट’ फुकट मिळू लागले. चाहत्यांनी अशा साधनांतून घातलेल्या भरीला आणि केलेल्या बदलांना मॉड म्हणतात. स्कायरिमसाठी असे हजारो मॉड आहेत आणि त्यांतले बहुतेक निव्वळ हौसेपोटी घडले आहेत. मॉड डाउनलोड करायला फार वेळ लागत नाही. दीडदोनशे मॉड एकत्र नांदतील असे बसवणे ही मात्र वेगळी कारागिरी आहे आणि तिच्यात खेळण्याइतकाच आनंद आहे.

मॉडमध्ये साधारणपणे दोन तऱ्हेचा ऐवज असतो. एक प्लगइन फाइल, जिच्यात नोंदी असतात; आणि दुसरा चित्रे, आकार, आवाज यांच्या फायलींचा साठा. प्लगइन फाइल मूळ गेमला हात लावत नाही. पुस्तकाला जोडलेल्या शुद्धिपत्राप्रमाणे ती ‘अमुक नोंद अशी वाचावी’ एवढेच सांगते. मूळ स्कायरिममध्ये अशा जास्तीत जास्त २५५ फायली चालतात. ऑक्टोबर २०१६मध्ये आलेल्या ६४ बिटांच्या स्पेशल एडिशनमध्ये पुढे ‘हलक्या’ प्लगइनची सोय झाली. या हलक्या फायली ४०९६पर्यंत असल्या तरी सगळ्या मिळून एकच जागा अडवतात.

बसवण्याआधी गेमची नेमकी आवृत्ती पाहावी लागते. बरेच मॉड ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ या चाहत्यांनीच लिहिलेल्या जोडप्रोग्रॅमवर उभे असतात आणि तो गेमच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेला असतो. गेमने परस्पर अपडेट घेतला की हा दुवा तुटतो. त्यामुळे आपोआप होणारे अपडेट रोखणे आणि गेम स्क्रिप्ट एक्स्टेंडरमार्फतच सुरू करणे ही पहिली शिस्त. विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरवर जास्त बंधने असल्याने गेम त्याबाहेर ठेवावा. मॉडच्या फायली गेमच्या फोल्डरमध्ये हाताने टाकण्याचे दिवस मागे पडले आहेत. ‘मॉड ऑर्गनायझर २’ हा प्रोग्रॅम प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि सगळे एकाच जागी असल्याचा आभास गेमपुढे उभा करतो. कोणताही मॉड खूण काढून बाजूला करता येतो, मूळ फोल्डर स्वच्छ राहतो. त्याच कामाचा ‘व्हॉर्टेक्स’ही चांगला आहे, पण कोणाची फाइल कोणावर चढली आहे हे मॉड ऑर्गनायझर जितके उघड दाखवतो तितके शिकणाऱ्याला दुसरीकडे दिसत नाही.

खरी कसोटी लागते ती दोन मॉड एकाच नोंदीला हात घालतात तेव्हा. नियम एका वाक्याचा आहे: जी फाइल शेवटी लोड होते तिचे ऐकले जाते. त्याचे परिणाम मात्र दूरवर जातात. स्कायरिममधल्या व्हाइटरन शहरातली ‘बॅनर्ड मेअर’ ही खानावळ घ्या. या जागेच्या एकाच नोंदीत प्रकाश किती, संगीत कोणते, अशा अनेक बाबी एकत्र असतात. समजा, एका मॉडने खानावळीचा प्रकाश मंद केला, चुलीच्या उजेडात भिंती तांबूस दिसू लागल्या. दुसऱ्या मॉडला प्रकाशाशी काही देणेघेणे नाही, त्याने फक्त संगीत बदलले. पण संगीत बदलण्यासाठीही त्याला पूर्ण नोंदीची प्रत सोबत बाळगावी लागते आणि त्या प्रतीत जुना, मूळ प्रकाश तसाच असतो. हा दुसरा मॉड नंतर लोड झाला की नवे संगीत वाजते आणि तांबूस उजेड गायब होतो. गेम बंद पडत नाही, कुठे चूक दाखवली जात नाही. ज्याने तो उजेड एकदा पाहिला आहे त्यालाच काहीतरी हरवल्याचे कळते.

अशा वेळी ‘एक्सएडिट’ हे नोंदी तपासण्याचे साधन उघडायचे. त्यात एका नोंदीच्या सगळ्या प्रती शेजारीशेजारच्या स्तंभांत दिसतात, जिंकलेली आणि हरलेली मूल्ये वेगवेगळ्या रंगांत. एक छोटी तिसरी फाइल करून तिच्यात प्रकाश पहिल्या मॉडचा आणि संगीत दुसऱ्याचे ओढून घ्यायचे आणि ती फाइल सर्वांत शेवटी ठेवायची. हाच पॅच. मॉड बसवण्याच्या कलेत याहून समाधानाचे काम नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन हौशी माणसांचे श्रम त्या खानावळीत एकत्र अनुभवता येतात.

नोंदींचा क्रम एक आणि फायलींचा क्रम दुसरा, हे नवशिक्याच्या लवकर लक्षात येत नाही. मॉड ऑर्गनायझरच्या डाव्या बाजूला फायलींचा क्रम असतो, उजव्या बाजूला प्लगइनचा. गावातल्या एखाद्या स्त्रीचा चेहरा एकाएकी करडा-काळा दिसू लागतो, त्यामागे बहुधा या दोन क्रमांतली विसंगती असते. चेहऱ्याची मोजमापे नोंदीत असतात आणि तयार चेहरा वेगळ्या फायलींत. नोंद एका मॉडची जिंकली आणि फाइल दुसऱ्याची, की दोन्हींचा मेळ बसत नाही. दोन्ही बाजूंना एकाच मॉडला वर किंवा खाली नेले की चेहरा पूर्ववत होतो.

‘लूट’ हा प्रोग्रॅम प्लगइनचा क्रम आपोआप लावून देतो, कोणत्या फाइलला कोणती आधारफाइल लागते हेही सांगतो. तो जरूर वापरावा. पण खानावळीत उजेड हवा की संगीत, हा आवडीचा प्रश्न त्याला सोडवता येत नाही.

चित्रांच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे एक चित्र बीसी७ प्रकाराने दाबल्यावरही, आपल्या लहान प्रतींसह, सुमारे २१ एमबी जागा घेते. २०४८चे साधारण ५ एमबी. डोंगर, रस्ते, चिलखत सतत नजरेसमोर असतात, तिथे मोठे चित्र शोभते. कोबी आणि बादल्यांसाठी ग्राफिक्स कार्डची मेमरी खर्चणे व्यर्थ आहे.

मॉड थोडेथोडे करून बसवावेत आणि प्रत्येक टप्प्यावर गेम चालवून पाहावा. मुख्य मेनूवर कन्सोल उघडून ‘सीओसी रिव्हरवुड’ असा आदेश दिला की थेट गावात उतरता येते. तपासणीपुरते ते पुरे, पुढची वाटचाल मात्र नव्या गेमपासून करावी. वाटचाल सुरू झाली की यादी गोठवणे उत्तम. स्कायरिमच्या ‘पॅपिरस’ भाषेतल्या स्क्रिप्टची अवस्था सेव्ह फाइलमध्ये साठत जाते. मध्येच मॉड काढला तर त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि बिघाड पुष्कळ तासांनी, भलत्याच ठिकाणी डोके वर काढतो. चित्रे बदलणारे साधे मॉड याला अपवाद आहेत.

निवडीसाठी एक प्रश्न उपयोगी पडतो: या वेळचा प्रवास कशाचा? थंडीचा असेल तर ‘फ्रॉस्टफॉल’ घ्यावा. त्यात ओले कपडे आणि उत्तरेचे वारे जीव घेऊ शकतात, म्हणून सरपण गोळा करणे, शेकोटी पेटवणे, रात्र पडायच्या आत गाव गाठणे याला अर्थ येतो. वेगप्रवास, म्हणजे नकाशावरून थेट उडी मारणे, टाळून खेळले की नकाशावरचे अंतर पहिल्यांदाच अंतर वाटते. सोबत हवी असेल तर ‘इनिगो’ हा निळ्या केसाळ कातडीचा खजीत, म्हणजे मांजरासारख्या वंशाचा सोबती आहे, हजारो ओळी बोलणारा आणि जागा पाहून बोलणे बदलणारा. थंडी, सोबत, राजकारण, नवी जादू असे सगळे एकदम कोंबले की प्रत्येकाची चव जाते.

काही मॉड तर स्वतंत्र कलाकृतीच आहेत. जर्मनीच्या ‘श्युअरएआय’ गटाचा २०१६चा ‘एंडेराल’ स्कायरिमच्या यंत्रणेवर वेगळेच जग, वेगळी कथा उभी करतो. त्यासाठी वेगळी, कोरी प्रत ठेवावी आणि स्कायरिमचे मॉड त्यात मिसळू नयेत. ऑस्ट्रेलियाच्या निक पिअर्स यांचा २०१५चा ‘द फरगॉटन सिटी’ भूमिगत शहरातले एक कोडे मांडतो: एकाने कायदा मोडला की सर्वांना मरण. या मॉडच्या संहितेला २०१६मध्ये ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि २०२१मध्ये त्यावरून स्वतंत्र गेम निघाला.

प्रत्येक मॉडसोबत त्याच्या कर्त्याचे निवेदन असते. काय लागते, कशाशी जमत नाही, कोणाच्या कामाचा आधार घेतला आहे आणि आपले काम इतरांनी वापरण्यास परवानगी आहे की नाही, हे त्यात लिहिलेले असते. बसवण्याआधी ते पूर्ण वाचावे. त्यातल्या तांत्रिक सूचनांमुळे निम्म्या अडचणी टळतात. स्वतः केलेला पॅच इतरांना द्यायचा असेल तेव्हा परवानगीची तीच ओळ पुन्हा पाहावी लागते.